हलका तवा, निर्लेप तवा : एका प्रश्नातले दोन इतिहास

संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेकदा मोठ्या शब्दांपासून सुरुवात करतो. 'औद्योगिकीकरण', 'आधुनिकता', 'स्त्री आणि तंत्रज्ञान'. शब्द चांगले आहेत, पण त्यांना नेमकं कुठून हात घालायचा तेच कळत नाही. म्हणून आज उलट्या टोकाने जाऊ. रोजच्या स्वयंपाकाला हलका नॉनस्टिक तवा कोणता घ्यावा, एवढाच प्रश्न घेऊ. भांड्यांच्या दुकानात तो दहा मिनिटांत सुटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यावर बरेच महिने घालवता येतील, आणि ते वाया जाणार नाहीत.

आधी प्रश्न फोडा

'हलका नॉनस्टिक तवा' हे एका वस्तूचं नाव वाटतं, पण त्यात दोन वेगळे गुण आहेत. हलकेपणा धातूचा आहे. न चिकटणं वरच्या लेपाचं आहे. दोघांचा काळ वेगळा, माणसं वेगळी, आणि म्हणून दोघांची साधनंही वेगळी. दुकानदार हे दोन गुण जोडून विकतो. आपलं काम ते सुटे करून बघायचं. तुमच्या विषयाच्या शीर्षकात असा जोडशब्द असेल, तर पहिल्याच आठवड्यात तो फोडून बघा. पुढची बरीच दमछाक वाचते.

पहिला इतिहास : वजनाचा

आपल्याकडचं जुनं स्वयंपाकघर तांब्यापितळेचं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून हे काम चालत आलं. ही भांडी मजबूत आणि पिढ्यान् पिढ्या टिकणारी, पण दोन बाबतींत त्रासदायक. एक म्हणजे ताक, चिंच, आमसूल असं काही आंबट त्यात ठेवलं की ते कळकतं. म्हणून आतून कथलाची कल्हई हवी. कथील साधारण २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकून घासायचा आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील आतून फिरवायचा. ती झिजली की पुन्हा नवी करायची.

दुसरी अडचण वजनाची. एकाच आकाराचं आणि एकाच जाडीचं भांडं घेतलं, तर ॲल्युमिनियमचं १ किलो भरेल तिथे लोखंडाचं सुमारे २.९ किलो आणि तांब्याचं सुमारे ३.३ किलो भरतं. हे वजन रोज चुलीवर चढवायचं, उतरवायचं, राखेने घासायचं, आणि ही कामं घरातल्या बायकांच्या वाट्याची. वजनाचा इतिहास लिहिताना हे हात विसरलात, तर हाती फक्त धातुशास्त्र उरेल.

१८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न कळत विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची पद्धत शोधली आणि ही दुर्मिळ धातू स्वस्त होऊ लागली. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८९८ मध्ये, मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये अल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचे प्रयोग सुरू केले. भांडं हलकं आणि कल्हईचा खर्च नाही, म्हणून ही भांडी चालली. ते काम पुढे 'इंडियन ॲल्युमिनियम कंपनी' नावाच्या खासगी कंपनीकडे गेलं.

इथे जरा थांबा. याच नावाची दुसरी कंपनी १९३८ मध्ये स्थापन झाली. कॅनडाच्या भांडवलाची ही कंपनी आपण 'इंडाल' म्हणून ओळखतो. केरळमधल्या आलुवाजवळच्या अलुपुरमला १९४३ मध्ये देशात धातू काढायला सुरुवात झाली, ती हिची. पहिली कंपनी आयात केलेल्या पत्र्याची भांडी घडवणारी, दुसरी धातूच तयार करणारी. अभिलेखागारात नुसतं नाव बघून नोंदी जमवल्यात, तर दोन कंपन्यांचा एकच इतिहास लिहून बसाल. नावासोबत वर्ष आणि ठिकाण टिपायची सवय म्हणूनच लागते.

दुसरा इतिहास : न चिकटण्याचा

टेफ्लॉनच्या आधी तवे चिकटायचेच, असं कुणी सांगितलं तर कोकणातल्या एखाद्या आजीला विचारा. बिडाच्या तव्यावर घावन आणि आंबोळ्या अलगद सुटायच्या. त्यासाठी नवा तवा तेल लावून, तापवून, पुन्हा तेल लावून तयार करावा लागे. तापलेल्या तेलाचा पातळ थर लोखंडावर घट्ट बसतो. मग दर घावनाआधी अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून तव्यावरून फिरवायचा. आच किती, तेल किती, कालथा कधी घालायचा, हे हाताला कळलेलं असे. म्हणजे न चिकटणं हा गुण आधीही होता, फक्त तो करणारीच्या हातात होता. विसाव्या शतकात तो हातातून निघून वस्तूत गेला आणि विकत मिळू लागला. माझ्या मते या सगळ्या कथेचा गाभा हाच आहे.

हे कसं झालं? ६ एप्रिल १९३८ रोजी न्यू जर्सीतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे शीतकरणाच्या वायूंवर काम करत होते. टेट्राफ्लुरोएथिलीनने भरलेल्या सिलिंडरमधून वायू येईना. वायू गळून गेला असता तर सिलिंडर हलका झाला असता, पण वजन तर तेवढंच होतं. म्हणून तो कापला, आणि आत पांढरी, मेणचट भुकटी सापडली. 'अपघाताने लागलेला शोध' म्हणून ही गोष्ट सांगतात. पण वजन तपासलं गेलं नसतं तर तो सिलिंडर भंगारात गेला असता. निरीक्षण गाळून फक्त अपघात सांगितला की शोधाची गोष्ट मजेदार होते आणि अपुरी राहते.

हा पदार्थ कशालाच चिकटत नाही. मग तो भांड्याला तरी कसा चिकटवायचा? फ्रेंच अभियंता मार्क ग्रेगवार मासेमारीच्या साहित्यासाठी तो वापरत होते. त्यांनी ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग ॲसिडने सूक्ष्म खडबडीत केला, त्या खाचांत हा पदार्थ भरला आणि तापवून पक्का केला. पत्नी कोलेत यांनी 'माझ्या भांड्यांवर लाव' असं सुचवलं, अशी कथा सांगितली जाते. १९५४ मध्ये तंत्र जमलं, १९५६ मध्ये कंपनी निघाली. तिचं नाव टेफाल : टेफ्लॉनमधलं 'टेफ' आणि ॲल्युमिनियममधलं 'अल'. आपण वर सुटे केलेले दोन इतिहास या एका नावात जोडलेले आहेत.

आता एक सोपी परीक्षा. 'नॉनस्टिक हा चांद्रमोहिमेतून मिळालेला लाभ' असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. नासाची स्थापना १९५८ ची, टेफाल १९५६ ची. खुद्द नासानेही हे श्रेय नाकारलं आहे. रोचक दावा दिसला की आधी तारखा शेजारी मांडायच्या. निम्मे दावे तिथेच गळतात.

भारतात हे तंत्र १९६८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, भोगले कुटुंबाच्या 'निर्लेप'ने आणलं. नाव इतकं रुळलं की अनेक मराठी घरांत कुठल्याही कंपनीच्या नॉनस्टिक तव्याला 'निर्लेपचा तवा' म्हणतात. शब्द बघा : निर्लेप म्हणजे अलिप्त, ज्याला काही लागत नाही असा. गंमत म्हणजे या तव्याचं सगळं मोल त्याच्या लेपातच आहे.

देखभाल गेली कुठे?

कल्हई हाही लेपच होता. तो झिजायचा, पण दारात येणारा माणूस तो पुन्हा चढवायचा. बिडाचा तवा बिघडला तर घरीच पुन्हा तयार व्हायचा. नॉनस्टिकचा लेप गेला की घरी काहीच करता येत नाही. भांडं टाकायचं आणि नवं आणायचं. म्हणजे हातांचा भार कमी झाला, सोबत कसब आणि दुरुस्तीही घराबाहेर गेली. आणि जे घराबाहेर जातं, त्याची किंमत कुणीतरी दुसरीकडे मोजत असतं.

टेफ्लॉन बनवताना पीएफओए नावाचं रसायन साहाय्यक म्हणून वापरलं जाई. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँटचा कारखाना होता. तिथल्या एका शेतकऱ्याच्या गायी ओढ्याचं पाणी पिऊन मरू लागल्या. त्याने १९९८ मध्ये वकील रॉबर्ट बिलॉट यांना गाठलं आणि पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. न्यायालयामुळे कंपनीला लाखाहून अधिक पानांचे कागद द्यावे लागले. पुढे त्या भागातल्या सुमारे ६९,००० लोकांची माहिती आणि रक्तनमुने गोळा झाले. २०१२ पर्यंत तज्ज्ञ मंडळाने मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा विकारांशी या रसायनाचा संभाव्य संबंध सांगितला. २०१७ मध्ये सुमारे ६७ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने पीएफओएला घातक रसायनांच्या यादीत टाकलं.

संशोधक म्हणून यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. कंपनी स्वतःहून दाखवते ते कागद वेगळे आणि न्यायालयात काढावे लागतात ते वेगळे. टेफ्लॉनचा आज माहीत असलेला इतिहास बराचसा दुसऱ्या प्रकारच्या कागदांवर उभा आहे.

हे सगळं सातासमुद्रापारचं वाटतंय? इटलीत व्हिचेंझाजवळ अशाच वर्गातली रसायनं बनवणारा मितेनी हा कारखाना पाणी दूषित केल्याच्या प्रकरणानंतर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आली आहे. तो तवे बनवणारा कारखाना नव्हे. पण विषय शोधणाऱ्याने नकाशावर या जागेभोवती पेन्सिलने गोल करावा.

मग तवा कोणता घ्यायचा?

इतिहास वाचून एवढं तर सांगता यायला हवं. 'पीएफओए-मुक्त' ही चिठ्ठी बनवण्याच्या पद्धतीबद्दल बोलते. तुमच्या तव्यात नॉनस्टिक लेपच नाही, असा तिचा अर्थ नाही. लेप मुख्यतः उष्णतेने आणि धातूच्या कालथ्याने बिघडतो. म्हणून रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवायचा नाही. साधारण २६० अंशांच्या आतलं काम त्याचं. खूप तापला तर निघणारा धूर पाळीव पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकतो. फार हलकाही नको, कारण पातळ पत्रा आच एकसारखी पसरवत नाही, मध्ये करपतो आणि लवकर वाकतो. डोसे, धिरडी, ऑम्लेट यांना मध्यम जाडीचा नॉनस्टिक ठीक. भाकरी-पोळीला, जिथे कडक आच लागते तिथे, लोखंडी तवाच बरा. मनगट दुखत असेल तर हलका तवा घेण्यात कमीपणा काहीच नाही. शंभर वर्षांचा वजनाचा इतिहास तुमच्या बाजूने आहे.

तुम्ही कुठून सुरुवात कराल?

पाकशास्त्राच्या पुस्तकांपासून करा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं 'गृहिणीमित्र' घ्या, १९७० चं 'रुचिरा' घ्या आणि त्याशेजारी आजचं कुठलंही पुस्तक ठेवा. पदार्थ वाचू नका, सूचना वाचा : तव्याला तेल किती वेळा लावायला सांगितलंय, भांडं कोणत्या धातूचं गृहीत धरलंय, कुठली सूचना कधी गायब झाली. मग जुन्या मासिकांतल्या भांड्यांच्या जाहिराती बघा. आणि शेवटी, शक्य असेल तोवर, तांबट आळीतल्या किंवा तुमच्या गावातल्या एखाद्या कल्हईवाल्याशी बोला. पुस्तकं ग्रंथालयात थांबतील, कल्हई करणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. म्हणून मुलाखत आधी घ्या.