मातेच्या हातातील गलबत

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्लॉस्टर या बंदरात शिरणाऱ्या दर्यावर्द्याला दुरूनच एका चर्चचे दोन निळे घुमट दिसतात. त्या दोन घुमटांच्या मध्ये, उंचावर, पवित्र मरियामातेची मूर्ती उभी आहे. आपल्याकडील बहुतेक चर्चमध्ये मातेच्या डाव्या हातावर बाळ येशू असतो. या मूर्तीच्या डाव्या हातावर मात्र एक गलबत आहे, दोन डोलकाठ्यांचे, मासेमारीचे गलबत. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे. 'सुखरूप प्रवासाची माता' या नावाने ओळखले जाणारे हे चर्च पोर्तुगीज कोळ्यांनी उभारले. आई आपले लेकरू जसे जपते, तसे तिने आमचे गलबत जपावे, ही त्यांची श्रद्धा त्या मूर्तीत साकार झाली आहे. ते गलबत कोणी बांधले, कसे बांधले आणि त्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली, याचा इतिहास आपल्या किनाऱ्यावरील कुटुंबांनीही जाणून घ्यावा, असा आहे.

ग्लॉस्टरच्या मासेमारीचा इतिहास १६२३ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी इंग्लंडमधून आलेल्या काही कोळ्यांनी केप ॲन या भूशिरावर वस्ती केली. पुढे याच बंदरात 'स्कूनर' हा गलबताचा प्रकार नावारूपाला आला. दोन किंवा अधिक डोलकाठ्या आणि गलबताच्या लांबीच्या दिशेने ताणलेली शिडे, ही त्याची मुख्य खूण. थोड्या माणसांनिशी हाकारता येणारे आणि वाऱ्याशी तिरके झुंजत पुढे जाणारे हे गलबत कोळ्याच्या कामाला फार सोयीचे होते. १७१३ साली कॅप्टन अँड्र्यू रॉबिन्सन याने ग्लॉस्टरमध्ये असे पहिले गलबत पाण्यात सोडले आणि पाण्यावरून त्याचे सुळकन घसरणे पाहून कोणीतरी उद्गारलेल्या शब्दावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. या घडणीची गलबते त्यापूर्वीच्या डच चित्रांतही दिसतात. तेव्हा आख्यायिकेला आख्यायिकेचाच मान द्यावा. एवढे मात्र खरे, की स्कूनरला कोळ्याचे गलबत म्हणून जी ख्याती लाभली, ती याच किनाऱ्यावर.

ग्लॉस्टरची बहुसंख्य गलबते मात्र ग्लॉस्टरमध्ये बांधली जात नसत. काही मैलांवर, एका अरुंद खाडीच्या काठी एसेक्स नावाचे लहानसे गाव आहे. १६६८ साली तेथील खाडीकाठची एक एकर जमीन रहिवाशांना गलबते बांधण्यासाठी राखून ठेवण्यात आली. त्या एका एकराने गावाचे भवितव्य ठरवले. एसेक्समध्ये आजवर चार हजारांहून अधिक गलबते बांधली गेली, असे मानले जाते. गावातील मुलगा सुताराच्या ठोक्यांच्या आवाजात वाढे आणि वयात येताच बापाशेजारी वाकस हाती घेऊन उभा राही. बर्नहॅम, स्टोरी, जेम्स ही आडनावे तेथे पिढ्यान्‌पिढ्या गलबतबांधणीशी जोडलेली आहेत.

हे बांधकाम कसे होत असे? पूर्वीचे कारागीर प्रथम कागदावर नकाशा काढत नसत. ते लाकडाचे अर्ध्या गलबताचे छोटे प्रतिरूप कोरीत. त्यावरून हात फिरवून, डोळ्यांनी न्याहाळून गलबताची घडण ठरे. मग त्याची मापे वाढवून प्रशस्त जमिनीवर पूर्ण आकाराच्या रेषा आखल्या जात. ओक वृक्षाचा लांब ओंडका हा गलबताचा कणा. त्यावर ओकच्याच वक्र तुकड्यांच्या बरगड्या उभ्या राहत. बरगड्यांवर जाड फळ्या बसवीत आणि त्या लाकडी खुंट्यांनी ठोकून पक्क्या करीत. पाणी लागले की खुंटी फुगते आणि सांधा अधिकच घट्ट होतो, हे शहाणपण त्यामागे होते. फळ्यांमधील फटींत डांबरात भिजवलेला काथ्या ठासून भरला, की गलबत पाण्याला सामोरे जाण्यास सिद्ध होई.

एसेक्सची खाडी उथळ. त्यामुळे उधाणाची भरती साधूनच गलबत पाण्यात सोडावे लागे. चरबी चोपडलेल्या मार्गावर ते एका कुशीवर कलते करून सोडण्याची तेथील रीत होती. शाळेतील मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सारे गाव तो सोहळा पाहायला लोटे. नंतर ते बिनशिडाचे गलबत ओढून ग्लॉस्टरला नेले जाई आणि तेथे त्यावर डोलकाठ्या व शिडे चढत. अशा रीतीने एका गावाने देह घडवावा आणि दुसऱ्याने त्याला पंख द्यावेत, असा हा व्यवहार होता.

वाचकहो, येथपर्यंतचा इतिहास अभिमानाचा आहे. पुढचा अंतर्मुख करणारा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ताज्या माशाला बाजारात भाव येऊ लागला. जे गलबत आधी बंदरात पोहोचेल, त्याला चढा दर मिळे. साहजिकच मालकांना वेगवान गलबते हवी झाली. कारागिरांनी तशी ती घडवली : रुंद, उथळ, भरपूर शिडे पेलणारी आणि दिसायला अतिशय देखणी. परंतु वादळात एका कुशीवर झोपले, की असे गलबत पुन्हा उभे राहत नसे. २४ फेब्रुवारी १८६२ च्या रात्री जॉर्जेस बँक या मासेमारीच्या उथळ क्षेत्रावर झालेल्या वादळात ग्लॉस्टरची १५ गलबते आणि १२० माणसे गेली. १८७९ या एकाच वर्षात २९ गलबते आणि २४९ कोळी परत आले नाहीत. त्यात भर म्हणजे, दोघा-दोघांनी लहान होडक्यांत बसून मुख्य गलबतापासून दूर गळ टाकायचे, ही मासेमारीची पद्धत. धुके उतरले, की होडके हरवे. ग्लॉस्टरच्या किनाऱ्यावरील स्मारकात समुद्राने नेलेल्या ५,३६८ जणांची नावे कोरलेली आहेत. सुकाणू धरून उभ्या असलेल्या कोळ्याच्या तेथील पुतळ्याखाली १०७ व्या स्तोत्रातील शब्द आहेत.

या मृत्यूंना दैवाचा खेळ म्हणून स्वीकारणे सोपे होते. समुद्र क्रूर आहे, असे म्हटले की मालकाची, कारागिराची आणि बाजाराची जबाबदारी संपते. परंतु काही माणसांनी तसे म्हणण्यास नकार दिला. कॅप्टन जोसेफ कॉलिन्स हा स्वतः मासेमारी गलबतांवर कप्तान होता. १८८० नंतरच्या दशकात त्याने वृत्तपत्रांतून लिहून हे बजावले, की दोष केवळ वादळाचा नाही, तर गलबताच्या घडणीचाही आहे. गलबत खोल असावे, म्हणजे ते कलले तरी सावरेल, असा त्याचा आग्रह होता. १८८६ साली त्याच्या कल्पनेनुसार 'ग्रॅम्पस' हे गलबत बांधले गेले आणि वेग व सुरक्षितता एकत्र नांदू शकतात, हे सिद्ध झाले.

हेच कार्य बॉस्टनच्या टॉमस मॅकमॅनस याने पुढे नेले. तो शिडे शिवणाऱ्याचा मुलगा आणि व्यवसायाने मासळीचा व्यापारी. कोळ्यांशी त्याचा रोजचा संबंध. जुन्या स्कूनरच्या नाळेपुढे एक लांब वासा समुद्रावर आडवा गेलेला असे. पुढचे शीड आवरण्यासाठी कोळ्यांना वादळातही त्या निसरड्या वाशावर चढावे लागे आणि लाटेने कित्येकांना तेथून उचलून नेले. कोळी त्या वाशाला विधवा करणारा वासा म्हणत. मॅकमॅनसने तो वासाच काढून टाकला आणि नाळ पुढे वाढवून शिडांचा तोल साधला. त्या नमुन्याचे पहिले गलबत, 'हेलन बी. टॉमस', १९०२ साली एसेक्समध्ये तयार झाले. शेकडो वर्षांच्या कौशल्याला येथे खऱ्या अर्थाने पूर्णत्व आले, असे मला वाटते. कारण गलबत किती वेगाने जाईल, या प्रश्नाच्या आधी ते माणसाला घरी आणील का, हा प्रश्न विचारला गेला.

याच काळात ग्लॉस्टरच्या कोळीवस्तीचे रूपही पालटत होते. अझोर बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज कॅथलिक कुटुंबांनी एका टेकडीवर आपली वस्ती केली आणि तेथेच मातेचे चर्च उभारले. १९१४ मध्ये ते आगीत जळाले, तेव्हा त्यांनी आपल्या मूळ बेटांवरील चर्चच्या धर्तीवर आज दिसणारे चर्च बांधले. मूळ लाकडी मूर्ती आता केप ॲन संग्रहालयात जतन केलेली असून चर्चवर तिची प्रतिकृती आहे. १९०० साली जोसेफ मेस्किटा या पोर्तुगीज कप्तानाच्या गलबताला एका प्रचंड आगबोटीने धडक दिली. त्या संकटात त्याने नवस केला आणि १९०२ पासून तेथे पवित्र आत्म्याच्या सन्मानार्थ मुकुट अर्पण करण्याचा सोहळा सुरू झाला. नंतर सिसिलीहून आलेल्या इटालियन कोळ्यांनी १९२७ पासून संत पेत्राचा सण सुरू केला. जून अखेरच्या त्या सणात नौकांना आशीर्वाद दिला जातो. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग या लेखकाने १८९७ साली ग्लॉस्टरच्या एका स्कूनरवर कादंबरी लिहिली. तीत समुद्रात पडलेल्या श्रीमंत मुलाला वाचवणारा कोळी पोर्तुगीजच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एसेक्सच्या गलबतांचे भाग्य माणसांसारखेच निरनिराळे ठरले. १९२३ साली बांधलेले 'कोलंबिया' कॅनडाच्या प्रसिद्ध 'ब्लूनोज'शी शर्यतीत उतरले. चारच वर्षांनी, ऑगस्ट १९२७ च्या वादळात, ते सेबल बेटाजवळ सर्व माणसांसह बुडाले. याउलट १८९४ चे 'एफी एम. मॉरिसी' आधी मासेमारीत राबले, मग कॅप्टन बॉब बार्टलेटबरोबर उत्तर ध्रुवाकडील बर्फात फिरले. १९४८ साली ते केप व्हर्दे बेटांकडे गेले आणि 'एर्नेस्टिना' या नव्या नावाने तेथील स्थलांतरितांना अमेरिकेत आणू लागले. १९८२ साली केप व्हर्देने ते अमेरिकेला भेट म्हणून परत दिले. एका गरीब राष्ट्राने श्रीमंत राष्ट्राला दिलेली ही भेट! शंभराहून अधिक वर्षांची ही लाकडी काया दुरुस्त होऊन आजही तरंगते आहे.

विसाव्या शतकात आधी वाफेची, मग डिझेलची यंत्रे आली. मोठी जाळी समुद्राचा तळ खरवडू लागली. लाकडी शिडांचे युग मागे पडले. १९२६ साली एसेक्समध्ये बांधलेले 'ॲडव्हेंचर' हे होडक्यांतून गळ टाकणारे शेवटचे मोठे अमेरिकन गलबत. तेही १९५३ साली निवृत्त झाले. पुढे मासेच कमी झाले आणि १९९४ साली जॉर्जेस बँकचा मोठा भाग मासेमारीस बंद करावा लागला. पूर्वी गलबते बुडत होती. आता गलबते सुरक्षित झाली, तर मासाच संपू लागला. लोभाने रूप बदलले, एवढेच.

तरीही विद्या पूर्ण विझली नाही. एसेक्समध्ये १९७६ साली गलबतबांधणीचे संग्रहालय स्थापन झाले. १९९७ साली हॅरॉल्ड बर्नहॅम या त्याच जुन्या घराण्यातील कारागिराने 'टॉमस ई. लॅनन' ही लाकडी स्कूनर पूर्वजांच्या रीतीने बांधली. गावकरी पुन्हा एकदा भरतीची वाट पाहत खाडीकाठी जमले.

हा इतिहास दूरदेशीचा असला, तरी आपल्याला तो परका वाटू नये. उत्तनच्या चर्चचे नावच 'समुद्राची माता' असे आहे. पावसाळी बंदी उठल्यावर आपले धर्मगुरू किनाऱ्यावर जाऊन नौकांवर पवित्र पाणी शिंपडतात. आपल्या नौकांवरही संतांची नावे रंगवलेली असतात. परंतु लाकडाची नौका बांधणारे जुने सुतार आपल्या कोळीवाड्यांतून एकेक करून निघून जात आहेत. कोणते लाकूड कोठे वापरावे, वक्र फांदीतून बरगडी कशी ओळखावी, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे, पण ते कोठेही लिहिलेले नाही. फायबरच्या नौकेला नावे ठेवण्याचे कारण नाही. कोळ्याने आपल्या पोटाचा विचार करू नये, असे कोण म्हणेल? मात्र त्या वृद्ध कारागिरांजवळ बसून त्यांचे शब्द आणि मापे वहीत उतरवून घेणे, हे तरुणांना सहज शक्य आहे. समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या आपल्या माणसांची नावेही प्रत्येक धर्मग्रामात एका ठिकाणी लिहिलेली असावीत. वर्षातून एकदा मिस्सामध्ये ती वाचली जावीत.

ग्लॉस्टरच्या मातेच्या हातातील गलबत लहानसेच आहे. पण त्यात ओकचे लाकूड आहे, सुताराचा घाम आहे, शिडे शिवणाऱ्याची बोटे आहेत, विधवांचे अश्रू आहेत आणि त्या अश्रूंकडे पाहून घडण बदलणाऱ्या माणसांची सदसद्विवेकबुद्धी आहे. मातेने गलबत सांभाळावे, अशी प्रार्थना आपण अवश्य करावी. पण प्रार्थना करून उठल्यावर फळ्यांचे सांधे तपासण्याचे काम आपलेच असते.