चांदणीची ट्राम

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. माझा जन्म त्यानंतरचा. ट्राम मला ठाऊक आहे ती वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आणि जुन्या मराठी सिनेमांतून. बरोबर दोन महिन्यांनी, ३१ मे १९६४ रोजी, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कॅनॉल स्ट्रीटवरची ट्रामही बंद झाली. मोटारी आणि बसगाड्यांच्या जमान्यात रुळांची अडचण व्हायला लागली होती, हे कारण दोन्हीकडे सारखंच. फरक पुढचा आहे. न्यू ऑर्लिन्सकरांनी चाळीस वर्षांनी, २००४मध्ये, ती ट्राम परत आणली.

या शहरात ट्रामला 'स्ट्रीटकार' म्हणतात. टेनेसी विल्यम्स यांच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या १९४७च्या नाटकामुळे हा शब्द जगभर पोचला. डिझायर हे तिथल्या एका रस्त्याचं नाव. नाटक गाजत असतानाच, १९४८मध्ये, त्या मार्गावरची ट्राम काढून बस सुरू झाली. पण मला सांगायची आहे ती गोष्ट नाटकातली नाही. ती आहे ट्राममध्ये कोणी कुठे बसायचं याची.

मिसिसिपी नदी जिथे चंद्रकोरीसारखं वळण घेते, तिथे फ्रेंचांनी १७१८मध्ये हे शहर वसवलं. १८०३मध्ये ते अमेरिकेने विकत घेतलं. जुने फ्रेंच भाषक एका बाजूला आणि नवे इंग्रजी भाषक दुसऱ्या बाजूला, अशी वस्ती विभागली. मधल्या रुंद रस्त्यावर कालवा खोदायचा बेत होता. कालवा झालाच नाही, नाव मात्र उरलं, कॅनॉल स्ट्रीट. त्याच्या मधल्या पट्ट्याला लोक 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणजे तटस्थ भूमी म्हणू लागले. आज शहरातल्या कुठल्याही रस्त्याच्या दुभाजकाला तिथे हेच नाव आहे, आणि कॅनॉल स्ट्रीटवरची ट्राम धावते ती या तटस्थ भूमीवरून.

२०१८च्या वसंतात एका शनिवारी मी नदीकाठच्या ट्राममध्ये बसलो. सव्वा डॉलरचं तिकीट. हा मार्ग १९८८मध्ये सुरू झाला, तोही धक्क्यावरच्या मालगाड्यांच्या जुन्या रुळांच्या जागेवर. त्यावर लाल रंगाच्या गाड्या. उजव्या हाताला नदी, पलीकडच्या अल्जिअर्सला जाणारी फेरीबोट, भोंग्यांच्या वाफेवर गाणं वाजवणारी 'नॅचेझ' ही आगबोट. डाव्या हाताला जॅक्सन चौक, चित्रकार, हात पाहणारे ज्योतिषी, पिठीसाखरेने माखलेले चौकोनी वडे खाणारी माणसं आणि पुढे फ्रेंच मार्केट. शनिवार-रविवारची गर्दी अशी, की उभं राहायलाही जागा नव्हती. एका कृष्णवर्णीय आजींनी पिशवी मांडीवर घेतली, त्या सरकल्या आणि मला बसायला खुणावलं. आपल्या एसटीत घडावं तसंच. पण या शहरात हे 'सरकून बसणं' किती महागात पडलेलं आहे, ते मी वाचून गेलो होतो.

रविवारचं या शहराशी जुनं नातं आहे. गुलामगिरीच्या काळात गुलामांना रविवारी सुट्टी मिळे. ते फ्रेंच वस्तीच्या मागच्या मैदानात जमत, बाजार मांडत, आफ्रिकेतले ढोल वाजवत, नाचत. ते मैदान म्हणजे काँगो स्क्वेअर. जॅझ संगीताची मुळं तिथवर नेली जातात.

यादवी युद्ध १८६५मध्ये संपलं, गुलामगिरी गेली. ट्रामगाड्या तेव्हा खेचरं ओढत. कृष्णवर्णीयांनी चढायचं ते फक्त चांदणी रंगवलेल्या गाड्यांत. या 'स्टार कार' संख्येने कमी. बाकीच्या गाड्या समोरून निघून जात आणि माणसं चांदणीची वाट पाहत उभी राहत. वर चांदणीच्या गाडीत गोरे खुशाल बसत! 'न्यू ऑर्लिन्स ट्रिब्यून' हे कृष्णवर्णीयांनी चालवलेलं दैनिक फ्रेंच आणि इंग्रजीतून या प्रथेवर सतत लिहीत होतं.

२८ एप्रिल १८६७, रविवार. विल्यम निकोल्स नावाचा कृष्णवर्णीय गृहस्थ गोऱ्यांच्या गाडीत चढून बसला. त्याला ओढून बाहेर काढलं, अटक केली. खटला टिकला नाही. उलट हुसकावणाऱ्यावरच त्याने दावा लावला. मग कंपनीने युक्ती काढली. कृष्णवर्णीय माणूस चढला तर त्याला हात लावायचा नाही, फक्त गाडी जागेवरून हलवायची नाही. कंटाळून उतरेल. पुढच्या शनिवारी जोसेफ गिलोम या तरुणाने त्यावर उत्तर शोधलं. गाडी हलेना, तेव्हा त्याने लगाम स्वतःच्या हाती घेतला आणि गाडी हाकत निघाला.

हे वाचताना मला बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलेला १९०१चा प्रसंग आठवला. वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेल्या लहानग्या भीमरावाला आणि भावंडांना मसूर स्टेशनवर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि बैल मुलांनीच हाकायचे, या अटीवर गाडी मिळाली. गाडीवान बाजूने पायी चालला. गिलोमने लगाम हट्टाने घेतला, या मुलांना तो विटाळाच्या भयामुळे घ्यावा लागला. फरक मोठा आहे. पण गाडी, भाडं आणि माणूस तिन्ही हजर असताना प्रवास अडतो, हे दोन्हीकडे एकच.

न्यू ऑर्लिन्समध्ये दुसऱ्या दिवशी, ५ मेच्या रविवारी, शेकडो लोक काँगो स्क्वेअरला जमले. महापौर त्यांना समजावायला गेले. सोमवारी अधिकारी आणि कंपन्या यांचा विचारविनिमय झाला आणि पोलिसप्रमुखांनी हुकूम काढला, की कुणाला कुठल्याही गाडीत बसायला आडकाठी करू नये. एका आठवड्यात चांदणी पुसली गेली. माँटगोमेरीत रोझा पार्क्स बसमधल्या आसनावरून उठल्या नाहीत ते १९५५मध्ये, म्हणजे त्यानंतर ८८ वर्षांनी.

मग ८८ वर्षांनी तेच पुन्हा का करावं लागलं? कारण मिळालेलं हिरावलं गेलं. १८९२मध्ये याच शहरात होमर प्लेसी गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसला. १८९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे, पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं. १९०२मध्ये कायदा करून ट्राममध्ये पुन्हा भेद आणला. आता चांदणी नव्हती, आत पडदा होता. पुढे तो साध्या लाकडी पाटीचा झाला. 'फक्त कृष्णवर्णीयांसाठी' असं लिहिलेल्या पाटीचे दोन खुंट बाकाच्या पाठीवरच्या भोकांत बसत. गोरे वाढले की पाटी मागे सरकवायची. पाटी सरकली की माणसं उठून मागे जात. रॉबर्ट फ्रँक या छायाचित्रकाराने १९५५मध्ये टिपलेली ट्राम प्रसिद्ध आहे. ओळीने खिडक्या, पुढे गोरे चेहरे, मागे काळे. न्यायालयाच्या आदेशाने या पाट्या निघाल्या त्या १९५८च्या मेअखेरीस.

सहाच वर्षांनी कॅनॉल स्ट्रीटची ट्राम गेली. २००४मध्ये परतली, आणि २९ ऑगस्ट २००५ला कॅटरिना वादळ आलं. बांध फुटले. नव्याकोऱ्या लाल गाड्या आगारात पाण्याखाली गेल्या. उंचावरच्या आगारातल्या, १९२०च्या दशकात बांधलेल्या हिरव्या गाड्या मात्र वाचल्या. डिसेंबरात याच म्हाताऱ्या गाड्या कॅनॉल स्ट्रीटवर आणि नदीकाठी धावल्या. पाट्यांच्या काळात धावलेल्या त्या गाड्या आता कुणालाही मागे जा म्हणत नव्हत्या.

होमर प्लेसीला लुइझियानाच्या राज्यपालांनी माफी दिली ती जानेवारी २०२२मध्ये. गुन्हा कोणता, तर पैसे देऊन तिकीट काढलं आणि आसनावर बसला. रूळ एकदा टाकले की वर्षानुवर्षं तसेच राहतात, हक्कांचं तसं नसतं. १८६७च्या मे महिन्यात मिळालेली जागा ३५ वर्षांनी गेली, आणि परत मिळवायला आणखी ५६ वर्षं लागली. तेवढ्या काळात तीन पिढ्या त्या ट्राममध्ये मागच्या बाकांवर बसून कामाला गेल्या आणि घरी परतल्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)