गोड वासाचा वाद

पॅरिसच्या गेर्लँ कंपनीने १९२५ साली ‘शालिमार’ नावाचे परफ्यूम बाजारात आणले. स्त्रियांनी संध्याकाळी समारंभाला जाताना लावायचे, गोड आणि भारदस्त वासाचे. शंभर वर्षे उलटली, तरी ते आजही विकले जाते. इतकी वर्षे टिकलेल्या वस्तूबद्दल लोकांचे एकमत असेल असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात ते कधीच नव्हते. कोणाला त्यात मखमली ऊब जाणवते, कोणाला लिंबाची साल पडलेले व्हॅनिला आइस्क्रीम आठवते, कोणाला धूर आणि डांबर, कोणाला तान्ह्या बाळाची पावडर. काही जणींचे तर त्या वासाने डोकेच दुखते.

अशा ठिकाणी ‘आवड ज्याची त्याची’ असे म्हणून आपण विषय संपवतो. पण रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी तो इतक्यात संपवू नये असे आम्हांला वाटते, कारण या मतभेदामागे बराच शोधता येण्याजोगा मजकूर आहे.

सुरुवात व्हॅनिलापासून करू. व्हॅनिला ही मूळची मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातली ऑर्किड कुळातील वेल. ती युरोपीयांनी इतर उष्ण प्रदेशांत नेली, पण तिथे तिला शेंगा धरेनात, कारण परागीभवन होत नव्हते. १८४१ साली हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर (तेव्हाचे बूर्बाँ) एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा बाजूला सारून हाताने परागीभवन करण्याची सोपी रीत शोधली. आजही व्हॅनिलाची बहुतेक लागवड याच रीतीवर चालते. एकेक फूल हाताने फळवायचे आणि मग शेंगा महिनोन्‌महिने मुरवून वाळवायच्या, म्हणजे माल महाग असणारच. एवढे करून वाळलेल्या शेंगेत तिचा मुख्य गंधद्रव्य घटक, व्हॅनिलिन, असतो जेमतेम दोन टक्के.

हे व्हॅनिलिन शुद्ध रूपात वेगळे केले गोब्ले या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने, १८५८ साली. पुढे १८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या रसातील कोनिफेरिन या पदार्थापासून तयार केले, आणि होल्ट्समिंडेन या गावी त्याचा कारखाना काढला. त्याआधी १८६८ साली विल्यम पर्किनने कुमारिन बनवले होते. होय, मॉव्ह हा कृत्रिम रंग शोधणारा तोच पर्किन. कुमारिनला ताज्या कापून वाळवलेल्या गवताचा गोडसर वास असतो. पाठ्यपुस्तकांत पर्किन रंगांच्या प्रकरणात येतो आणि तिथेच राहतो. गंधांच्या इतिहासातही त्याला जागा आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

या दोन पदार्थांमुळे परफ्यूमचा धंदा बदलला. तोवर फुले, साली, मुळे, राळ आणि प्राणिज द्रव्ये यांवरच सारी भिस्त होती. १८८२ साली उबिगाँ कंपनीच्या ‘फूझेर रॉयाल’मध्ये कुमारिन आले. १८८९ साली एमे गेर्लँ यांनी ‘जिकी’ रचले. त्यात लव्हेंडर आणि बर्गमॉट होते, शिवाय कुमारिन, व्हॅनिलिन आणि जवादी मांजराच्या ग्रंथीतले द्रव्य. मतभेद तेव्हाच सुरू झाले. एकाच फुलाचा वास लावायची सवय असलेल्या स्त्रियांना जिकी चमत्कारिक वाटले आणि सुरुवातीला ते पुरुषांनीच जास्त वापरले असे सांगितले जाते. म्हणजे बायकांचा वास कोणता आणि पुरुषांचा कोणता, याच्या रेषाही पक्क्या नव्हत्या.

शालिमार हे जिकीचेच पुढचे भावंड. एमे यांचे पुतणे झाक गेर्लँ यांनी जिकीच्या बाटलीत एथिल व्हॅनिलिन ओतून पाहिले आणि त्यातून शालिमार जन्मले, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथा जरा जास्तच सुबक आहे, पण त्यातले रसायन खरे. व्हॅनिलिनच्या रेणूत बेन्झीनच्या कड्याला ऑक्सिजनमार्फत एक मेथिल गट जोडलेला असतो. त्या जागी एथिल गट आला की एथिल व्हॅनिलिन होते. फरक एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनांचा, पण वासाची तीव्रता दोन ते चार पट. हा पदार्थ निसर्गातल्या व्हॅनिलाच्या शेंगेतून आलेला नव्हे, कारखान्यातला. वर्गात ‘रचना थोडी बदलली की गुणधर्म बदलतात’ हे वाक्य आपण नेहमी म्हणतो. त्याला याहून चांगले उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

नावाबद्दल थोडे विषयांतर. शाहजहानने मुमताजसाठी शालिमार बाग फुलवली आणि त्या प्रेमकथेवरून हे नाव आले, असे जाहिराती सांगत आल्या. श्रीनगरची शालिमार बाग जहांगीरच्या काळात, १६१९ साली आखली गेली. लाहोरची शाहजहानने बांधली खरी, पण १६४१-४२ मध्ये, आणि मुमताज तर १६३१ सालीच आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात वारली होती. पॅरिसमध्ये १९२५ साली सजावटीच्या आणि औद्योगिक कलांचे जे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते, तिथे शालिमार मांडले गेले. त्याची पंख्यासारख्या निळ्या बुचाची बाटली बकारा या काचकारखान्यात घडवली होती. ‘पूर्वेकडचे’ काहीतरी विकायचे, तर तारखा कोण तपासतो?

शालिमारबद्दलची मते तेव्हाही टोकाची होती. घरंदाज बाईने सिगारेट ओढू नये, टँगो नाचू नये आणि शालिमार लावू नये, असे त्या काळी म्हणत, असे सांगतात. ‘शनेल नंबर ५’ रचणारे एर्नेस्त बो यांच्या नावावरही एक शेरा खपवला जातो. आपण एवढे व्हॅनिला घातले तर फार तर कस्टर्ड होईल, गेर्लँ घालतात तेव्हा शालिमार होते, अशा अर्थाचा. शेरा खरा असो वा नसो, वादाचे मूळ त्यात नेमके सापडते. गोड वास म्हटला की आपल्याला खाणे आठवते, आणि खाण्याचा वास अंगाला यावा की नाही यावर लोकांचे पटत नाही.

आता प्रश्न असा, की एकाच बाटलीला इतकी वेगळी मते का? पहिले कारण अगदी साधे आहे. सगळ्यांनी एकाच वेळी वास घेतलेला नसतो. बर्गमॉटच्या तेलातील लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळते, व्हॅनिलिन २८५ अंशांना. खोलीच्या तापमानालाही हा फरक बाष्पदाबात दिसतो. लिंबूवर्गी वास काही मिनिटांत उडून जातो आणि मग तासन्‌तास गोड, धुरकट तळ उरतो. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून नाक मुरडणारी बाई आणि रात्री घरी परतल्यावर पदराचा वास घेऊन खूश होणारी बाई, या दोघी वेगवेगळ्या मिश्रणांबद्दल बोलत असतात. हवामानही महत्त्वाचे. पॅरिसच्या थंडीत कपड्यावरून सावकाश सुटणारे व्हॅनिलिन आपल्याकडच्या मे महिन्यात कित्येक पट वेगाने हवेत येते आणि जीव गुदमरवते. आपले अत्तरवाले उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हिना पुढे करतात, त्यामागेही हाच अनुभव आहे.

दुसरे कारण नाकात आहे. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली गंध ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांच्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधले. त्यांना २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही काम करतात, पण प्रत्येकाच्या नाकात त्यांचा संच अगदी एकसारखा नसतो. अँड्रोस्टेनोन या पदार्थाचे उदाहरण घ्या. काहींना त्याला घामाचा किंवा मुताचा वास येतो, काहींना गोड व्हॅनिलासारखा, आणि काहींना येतच नाही. २००७ साली सिद्ध झाले, की या फरकाचा मोठा भाग एकाच ग्राहीच्या जनुकातील बदलांशी निगडित आहे. परफ्यूममध्ये भरपूर वापरले जाणारे आयोनोन हे दुसरे उदाहरण. टीमान यांनीच १८९३ मध्ये ते तयार केले. त्याचा वास व्हायोलेट फुलांसारखा, असे पुस्तकात असते. पण त्याच्या बीटा प्रकाराबाबत २०१३ साली दिसले, की जनुकाच्या एका प्रकारामुळे काहींना तो स्पष्ट फुलांचा वाटतो आणि काहींना फार कमी जाणवतो किंवा आंबट भासतो.

प्रात्यक्षिकाच्या वहीत एस्टरसमोर ‘फळासारखा वास’ असे सगळी मुले लिहितात, कारण पुस्तकात तसे छापलेले असते. ‘सर, मला नाही येत’ म्हणणाऱ्या मुलाचे लक्ष नव्हते असे आपण धरून चालतो. कदाचित तो एकटाच खरे निरीक्षण नोंदवत असेल.

मग संस्कृतीचे काय? पूर्वेकडच्यांना जड वास आवडतात, पाश्चात्त्यांना हलके, असे ठोकून दिले जाते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकारी-संग्राहकांपासून शहरवासीयांपर्यंत नऊ अ-पाश्चात्त्य समाजांतील दोनशेहून अधिक लोकांना दहा वास आवडीच्या क्रमाने लावायला सांगितले होते. न्यूयॉर्कमधील आधीची माहितीही तुलनेला घेतली होती. सर्वांत आवडता ठरला व्हॅनिलिन. सर्वांत नावडते आयसोव्हॅलेरिक आम्ल, म्हणजे घामट पायमोज्यांचा वास. आवडीतल्या फरकापैकी सुमारे ४१ टक्के वाटा रेणूचा, ५४ टक्के व्यक्तीचा, आणि संस्कृतीचा फक्त ६ टक्के निघाला.

हे आकडे आम्हांला फार बोलके वाटतात. शालिमारमधला वादग्रस्त गोडवा ज्या घटकातून येतो, तो एकटा घेतला तर जगाचा लाडका आहे! भांडण समाजासमाजांत असते त्याहून कितीतरी जास्त एकाच घरातल्या दोन व्यक्तींत असते. अर्थात हा अभ्यास सुट्या रेणूंचा होता. जवादी, राळ आणि व्हॅनिला एकत्र आल्यावर काय होते ते त्यावरून सांगता येणार नाही. व्यक्तीच्या ५४ टक्क्यांतही केवळ जनुके नाहीत. जर्मनीत १९९९ साली १३३ जणांवर एक मजेदार चाचणी झाली. तिकडे बाटलीच्या दुधाला पूर्वी व्हॅनिलाचा स्वाद असे. त्यावर वाढलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी व्हॅनिलिन मिसळलेले टोमॅटो केचप पसंत केले. आईच्या दुधावर वाढलेल्यांचा कल नेमका उलट, साध्या केचपकडे होता. पाळण्यातली आठवण मोठेपणी केचपमध्ये निघते, तर परफ्यूममध्ये का निघणार नाही?

तिसरे कारण बहुतेक विसरले जाते. बाटलीतले द्रव्य तेच राहिलेले नाही. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन असते. ते त्वचेवर असताना ऊन लागले तर चट्टे उठतात, म्हणून आता बर्गाप्टेन काढून टाकलेले तेल वापरावे लागते. जवादी मांजराला पिंजऱ्यात ठेवून त्याच्या ग्रंथी खरवडण्याची क्रूर पद्धत होती. त्या द्रव्यातील सिव्हेटोन या पदार्थाची १७ कार्बनांच्या कड्याची रचना रुझिच्का यांनी १९२६ साली उलगडली. आज परफ्यूममध्ये जवादीचा वास कृत्रिम पदार्थांनीच आणतात. व्हॅनिलिनचा उगमही बदलत गेला. १९३०च्या दशकात ते कागद कारखान्यांच्या टाकाऊ लिग्निनपासून निघू लागले, आता मुख्यतः पेट्रोलियमपासून. तेव्हा ‘पूर्वीचे शालिमार वेगळे होते’ असे आजीने म्हटले, तर ते म्हातारपणाचे गाऱ्हाणे समजू नये. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे १९९० साली ‘ओस्मोतेक’ नावाचे गंधसंग्रहालय स्थापन झाले. तिथे जुन्या सूत्रांनुसार पुन्हा तयार केलेली परफ्यूम १२ अंश सेल्सिअस तापमानाला, ऑरगॉन वायूखाली जपतात. फूझेर रॉयालही तिथे आहे.

वर्गात हे करून पाहायला परदेशी बाटली लागत नाही. टीपकागदाच्या पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीवर व्हॅनिला इसेन्सचा एक थेंब टाका आणि त्यावर संत्र्याची ताजी साल पिळा. प्रत्येक विद्यार्थ्याने लगेच, दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी वास घ्यावा आणि शेजाऱ्याशी न बोलता आपल्या शब्दांत लिहावा. आवडला की नाही तेही लिहावे. ‘काही वास येत नाही’ ही नोंद ग्राह्य धरावी. सर्दी झालेल्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. सगळ्यांचे लिहून झाल्यावरच वह्या मोठ्याने वाचाव्यात. पट्ट्या फळ्याखाली टाचून ठेवा. सकाळी संत्रे उडून गेलेले असेल आणि व्हॅनिला अजून तिथेच असेल.