स्वगती ऑनलाइन अभ्यासक्रम : विद्यार्थ्यांकडून अपेक्षा व नियम

वर्गाच्या वेळापत्रकात न अडकता विद्यार्थ्याने आपल्या सवडीने आणि आपल्या वेगाने इंटरनेटवरून पूर्ण करायचा अभ्यासक्रम म्हणजे स्वगती अभ्यासक्रम. त्यात व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि सरावचाचण्या बहुधा पहिल्याच दिवशी खुल्या होतात. कोणता धडा केव्हा उघडायचा आणि कोणता दोनदा पाहायचा, हे विद्यार्थी ठरवतो. मोकळीक असते ती वेगापुरती. अभ्यासक्रम संपवण्याची मुदत, मूल्यमापनाची रीत, स्वतःचे काम स्वतः करण्याचे बंधन आणि शंका विचारण्याची पद्धत या गोष्टी संस्था आधीच ठरवून लेखी कळवते. वर्गात एखादा मुलगा मागे पडला तर ते शिक्षकाच्या नजरेला पडते. इथे अशी नजर नसते. तिची जागा लेखी नियमावली घेते, आणि म्हणून ती नीट लिहिणे हे संस्थेचे अध्यापनाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

पूर्वपीठिका : घरी बसून, दूरच्या शिक्षकाकडून शिकण्याची रीत इंटरनेटच्या फार आधीची. इंग्लंडमध्ये १८४० साली स्वस्त टपालसेवा सुरू झाली आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवून विद्यार्थ्यांची उत्तरे तपासायला सुरुवात केली. लंडन विद्यापीठाने १८५८ साली बाहेरच्या विद्यार्थ्यांना पदवी परीक्षा खुली केली. अभ्यास कुठे आणि कसा केला, हे विद्यापीठ विचारत नसे. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील असंख्य स्त्रीपुरुषांनी स्वयंअध्ययनाची पुस्तके, अभ्यासकेंद्र आणि वर्षाअखेरची परीक्षा ही चौकट पहिल्यांदा इथेच अनुभवली.

आजच्या नियमांचा खरा पूर्वज मात्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांच्या पद्धतीत सापडतो. ब्राझिलिया विद्यापीठात १९६४ साली केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यासक्रम छोट्या घटकांत विभागला. प्रत्येक घटकाची लेखी मार्गदर्शिका विद्यार्थ्याच्या हाती द्यायची, तो तयार झाला की चाचणी घ्यायची, आणि घटक पक्का आल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. चाचणीत नापास झाल्याबद्दल गुण कापत नसत. पुन्हा बसता येई. चाचण्या तपासायला आधीच्या तुकडीतले विद्यार्थी मदतीला असत. केलर यांनी ही पद्धत १९६८ सालच्या एका लेखात मांडली, तिचा जगभर बोलबाला झाला आणि तिची दुखरी बाजूही लवकरच दिसली. वेग विद्यार्थ्यावर सोपवला की बरेच जण काम शेवटपर्यंत लांबवतात. त्यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी लवकर पूर्ण केलेल्या घटकांना जादा गुण देण्याची किंवा किमान गती ठरवून देण्याची प्रथा पडली. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातील ‘सुचवलेल्या तारखा’, प्रगतीची पट्टी आणि आठवणीचे ईमेल हे याच अडचणीवरचे उपाय आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रम २०११ साली सर्वांना मोफत खुला झाला, तेव्हा दीड लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. लगेच पुढच्या वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्यासपीठे उभी राहिली. आरंभीचे अभ्यासक्रम ठरावीक तारखांना चालत. नंतर बरेचसे स्वगती झाले. भारत सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले.

वेळ व मुदत : विद्यार्थ्याकडून असलेली पहिली अपेक्षा वेळेची असते, आणि सर्वाधिक गफलत तिथेच होते. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे अभ्यासाचे ३० तास. ३ श्रेयांकांचा अभ्यासक्रम ९० तासांचा झाला. सहा महिन्यांत तो पसरला तर आठवड्याला साडेतीन तास पुरतात. शेवटच्या तीन आठवड्यांवर ढकलला तर आठवड्याला ३० तास लागतात, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाला ते अशक्यच. म्हणून चांगली नियमावली ‘तुमच्या सवडीने करा’ एवढे सांगून थांबत नाही. एकूण तास, घटकवार तास आणि अंतिम तारीख ती ठळकपणे सांगते. मुदतवाढ मिळते का, किती वेळा मिळते, तिला शुल्क आहे का आणि मुदत संपल्यावर आधीचे गुण राहतात की पुसले जातात, हेही त्यात असायला हवे.

नोंदणी करणे फुकट आणि एका क्लिकचे काम असल्यामुळे गळतीही प्रचंड होते. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये सर्व सहभागींपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. नुसते पाहून जाण्यासाठी नाव नोंदवणारेही पहिल्या आकड्यात आहेत, त्यामुळे तो सरसकट अपयशाचा आकडा मानणे चूक ठरेल. तरीही दोहोंतला फरक बोलका आहे. काहीतरी पणाला लागले की माणूस टिकतो. पैसे नसलेल्या विद्यार्थ्यासाठी हे ‘काहीतरी’ पहिल्या पंधरवड्यातली एखादी छोटी, तपासली जाणारी कृती असू शकते. अशी कृती अनिवार्य करणारा नियम जाचक वाटला तरी तो विद्यार्थ्याच्या भल्याचा असतो, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

मूल्यमापन : भारतीय विद्यार्थ्याला सर्वांत परिचित उदाहरण एनपीटेलचे. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा हा उपक्रम २०१४ पासून प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम चालवतो. तो निखळ स्वगती नाही: धडे आठवड्यागणिक खुले होतात आणि स्वाध्यायाला तारीख असते. आठवड्याच्या आत मात्र वेग विद्यार्थ्याचा, आणि सत्र संपल्यावरही व्हिडिओ पाहायला खुलेच राहतात. त्याची गुणपद्धत बारकाईने पाहण्याजोगी आहे. स्वाध्यायांना २५ गुण आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम ८ स्वाध्यायांचीच सरासरी धरतात. चार आठवडे आजारपणात किंवा कामात गेले तरी नुकसान होत नाही. पण प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हे दोन्ही उंबरठे वेगवेगळे ओलांडावे लागतात. समजा एका विद्यार्थिनीला स्वाध्यायात २२ आणि परीक्षेत २७ मिळाले. बेरीज ४९ होते, तरीही प्रमाणपत्र मिळत नाही. दुसरीला १० आणि ३० मिळाले. बेरीज ४० असूनही तिला मिळते. नियम न वाचलेल्याला हा अन्याय वाटतो. घरी सोडवलेला स्वाध्याय कोणाच्या मदतीने सोडवला, हे सांगता येत नाही; म्हणून देखरेखीखालच्या परीक्षेचा उंबरठा स्वतंत्र ठेवलेला असतो, हे समजले की त्यामागचे कारण पटते.

स्वगती अभ्यासक्रमातील प्रश्नमंजूषा बहुधा एकाहून अधिक वेळा सोडवता येते. त्यात सर्वोत्तम गुण धरणार की शेवटचे, दोन प्रयत्नांत किती वेळ जाऊ द्यावा लागेल, आणि बरोबर उत्तरे केव्हा दिसतील, या तीन गोष्टी स्पष्ट नसतील तर तंटे होतात. केलर यांच्या पद्धतीतला निकोप भाग म्हणजे चुकल्याची शिक्षा नसणे. तो टिकवायला हवा.

प्रामाणिकपणा व देखरेख : नाव नोंदवतानाच विद्यार्थ्याकडून आचारसंहिता मान्य करून घेतात. तिची कलमे बहुतेक ठिकाणी सारखीच असतात: एका व्यक्तीचे एकच खाते, चाचणीची उत्तरे स्वतःची, आणि ती दुसऱ्या कोणाला न देणे. चर्चा करणे आणि उत्तर पुरवणे यांतली सीमा संस्थेने उदाहरणासह दाखवली पाहिजे. गणिताची रीत मित्राकडून समजून घेणे चालते. त्याने सोडवलेली पायरी उतरवून घेणे चालत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यापासून हे कलम नव्याने लिहावे लागत आहे. ‘वापरू नये’ एवढे दोन शब्द पुरत नाहीत. व्याकरण तपासायला चालेल का, संज्ञा समजून घ्यायला चालेल का, आणि वापर केला तर तो कुठे नमूद करायचा, हे कामागणिक सांगावे लागते.

घरून दिलेल्या परीक्षेत कॅमेऱ्यातून ओळखपत्र आणि कधीकधी सगळी खोलीही दाखवावी लागते. अमेरिकेतील क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात २०२२ साली तेथील संघीय न्यायालयाने परीक्षेआधीची अशी खोली-तपासणी घटनाबाह्य ठरवली. एका खोलीत सहा जणांचे कुटुंब राहते तिथे तर हा प्रश्न केवळ खासगीपणाचा राहत नाही. परीक्षेपुरती मोकळी, शांत खोलीच मिळत नाही. परीक्षाकेंद्राचा पर्याय ठेवणे हाच त्यावर न्याय्य मार्ग आहे. विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल तर त्याची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळता येणारी संमती घ्यावी, असे भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात म्हटले आहे.

दिव्यांग विद्यार्थी : केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत पात्र उमेदवाराला दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. घड्याळ लावलेल्या ऑनलाइन चाचणीत ही सवलत यंत्रणेतच बसवावी लागते, आणि त्यासाठी विद्यार्थ्याने नोंदणीच्या वेळीच कळवणे आवश्यक असते. व्हिडिओखालची अक्षरे आणि पडदा-वाचकाला वाचता येईल अशा फाइली यांची जबाबदारी मात्र पूर्णपणे संस्थेची.

संवाद व तांत्रिक बाबी : शंका कुठे विचारायची आणि उत्तर किती दिवसांत येईल, हे लिहिलेले असावे. वीज जाणे, नेट तुटणे, फोन बिघडणे ही कारणे शेवटच्या दिवशी सहसा ग्राह्य धरत नाहीत, म्हणून एक दिवस आधी काम पाठवणे बरे. प्रमाणपत्रावर नोंदणीत लिहिलेले नाव जसेच्या तसे छापले जाते. आधारवर, गुणपत्रिकेवर आणि खात्यात आडनाव वेगवेगळे असेल तर श्रेयांक महाविद्यालयाकडे वळवताना अडचण येते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना याचा फटका अधिक बसतो. स्वयम्‌वरून किती श्रेयांक घेता येतील याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्के ठेवली होती आणि २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. आपले महाविद्यालय तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य करते का, हे मात्र नोंदणीपूर्वीच विचारून घ्यावे लागते.

भाषा : आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सायलॅब, लाटेक, पायथन, लिबरऑफिस अशी मुक्त सॉफ्टवेअर साधारण दहा-दहा मिनिटांच्या धड्यांतून शिकवतात. पडद्याच्या एका अर्ध्या भागात व्हिडिओ, दुसऱ्या अर्ध्यात ते सॉफ्टवेअर. निवेदक एक आज्ञा टाइप करतो, विद्यार्थी व्हिडिओ थांबवून तीच आज्ञा शेजारी टाइप करतो, दोन्हीकडे सारखे दिसले की पुढे जातो. हाताने केल्याशिवाय धडा पुढे सरकू द्यायचा नाही, ही अपेक्षा इथे धड्याच्या रचनेतच घातली आहे. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. पडद्यावरची अक्षरे मात्र मूळ इंग्रजीच राहतात, कारण नोकरीच्या जागी सॉफ्टवेअर त्याच रूपात भेटते. एनपीटेलच्या काही अभ्यासक्रमांची भाषांतरेही मराठीत झाली आहेत. पण धडा मराठीत ऐकणाऱ्याला मुदत, पुनर्प्रयत्न, शुल्कपरतावा यांचे नियम बहुधा इंग्रजीतच वाचावे लागतात, आणि नुकसान होते ते नेमके त्याच पानामुळे. मराठी धड्यांइतकीच तातडीची गरज मराठी नियमावलीची आहे. ती दोन पानांत बसणारी असावी आणि उत्तम ८ स्वाध्यायांसारखा प्रत्येक हिशेब तिच्यात आकड्यांनिशी मांडून दाखवावा.