आष्टीचा तलाव

आमच्या घरात एक खोटी गोष्ट तीन पिढ्या मोठ्या मानाने नांदली. आजोबा सांगत, की आष्टीचा तलाव झाला तेव्हा त्यांचे वडील त्या कामावर मुकादम होते. डोक्याला लाल रुमाल, हातात छडी, आणि साहेब म्हणे त्यांना नावाने हाक मारी! हे वर्णन चालू झाले, की आजी चुलीतले लाकूड उगीचच पुढे सारी. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी आईने मला खरे काय ते सांगितले. मुकादम वगैरे कोणी नव्हते. पणजोबा कुदळीने माती खणत आणि पणजी ती पाटीत भरून डोक्यावरून वाहून नेई. दुष्काळी कामावर जाणे म्हणजे घराची अब्रू गेली, असे त्या वेळी मानीत. म्हणून पुढे सवडीने मुकादम जन्माला आला!

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नसती. पण दिवाळीच्या सुटीत नात पुण्याहून मोहोळला आली. ती इतिहासाची विद्यार्थिनी. तिला निबंध लिहायचा होता झिंबाब्वेवर, म्हणजे आमच्या लहानपणीच्या नकाशातल्या ऱ्होडेशियावर. सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने १८९० साली तिथे निशाण रोवले, चार वर्षांनी दर झोपडीमागे रोख कर बसवला, आणि तो भरण्यासाठी माणसे खाणींकडे व गोऱ्यांच्या मळ्यांकडे वळली. हे सारे तिने मला पाडव्याच्या चहाबरोबर समजावून दिले. मग करिबा धरण आले. झांबेझी नदीवर १९५५ ते १९५९ या काळात ते बांधले. टोंगा जमातीची सुमारे सत्तावन्न हजार माणसे त्यासाठी उठवली. वीज गेली तांब्याच्या खाणींना आणि शहरांना. उठवलेल्यांची खेडी पुढे कित्येक वर्षे अंधारातच राहिली. १९८० साली देश स्वतंत्र झाला. धरण अर्थातच तिथेच राहिले.

“पण आजोबा,” ती म्हणाली, “गोऱ्यांनी निदान धरण तरी दिलं, असं लोक म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यायचं?”

मी म्हटले, “चल, आष्टीला जाऊन येऊ.”

मोहोळहून शेटफळ, आणि तिथून पंढरपूरच्या रस्त्याला लागले की आष्टी. हे गाव तसे इतिहासात एकदाच डोकावते. पण असे, की मराठी माणसाने ते विसरू नये. २० फेब्रुवारी १८१८ रोजी पळत्या बाजीरावाला जनरल स्मिथच्या घोडदळाने इथे गाठले. ग्रँट डफने नोंदले आहे, की शत्रू इतका जवळ येऊ दिला म्हणून पेशव्याने सेनापती बापू गोखल्यांना टोमणा मारणारा निरोप धाडला, आणि आपली पाठ राखली जाईल, निश्चिंत असावे, असे बापूंनी उलट कळवले. बाजीराव निसटला. बापू लढता लढता पडले. छत्रपती प्रतापसिंह इथेच इंग्रजांच्या हाती आले. त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवणाऱ्यांनीच १८३९ मध्ये उतरवले आणि १८४८ मध्ये ते राज्यही खालसा केले. बापूंच्या त्या निरोपाशी माझे मन दर वेळी अडते. ज्याच्यासाठी मरायचे तो कसा आहे हे पुरते ठाऊक असून हा माणूस मागे वळला.

लढाई एका दिवसाची. खरा अंमल आला तो साखळी आणि दप्तर घेऊन. शेजारच्या इंदापुरात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६ च्या सुमारास जमिनी मोजून तीस वर्षांचा सारा ठरवला, आणि तीच पद्धत मग आमच्या भागात पसरली. मोजणी चांगली होती, हे कबूल करावे. पण सारा रोख हवा. आणि पाऊस काही रोख पडत नाही! नडीला सावकार आला. १८६० साली मोहोळला आगगाडी आली, कापसाला भाव मिळाला, हातात पैसा खेळला. तीस वर्षांची मुदत संपताच सारा वाढला, आणि तोवर कापसाचा भाव कोसळलेला.

१८७६ मध्ये पाऊस गेला. सोलापूर जिल्ह्याची दशा फार वाईट झाली. रेल्वेने धान्य येत होते, पण ते घ्यायला लोकांजवळ दमडी नव्हती. याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. त्या झगमगाटात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हातच्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले होते. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल दुष्काळाची पाहणी करायला निघाले. कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य पुरावे, हे त्यांचे गणित. पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. आणि तेवढ्यावर दिवसभर माती खणायची!

आमच्या मुंबई इलाख्यातही मजुरी उतरली, आणि जवळची कामे सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचे हुकूम सुटले. तेव्हा जे घडले ते शाळेत आम्हाला कोणी शिकवले नाही. उपाशी माणसांनी संप केला. हजारोंनी कुदळी टाकल्या आणि ते घरी निघून गेले. सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज धाडले. पोटात अन्न नसताना कमी मजुरीला नाही म्हणायचे, याला कोणते बळ लागत असेल? त्या दुष्काळात देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली, असा अंदाज आहे.

आष्टीचे काम याच दुष्काळात सुरू झाले आणि १८८३ मध्ये पुरे झाले. जवळजवळ चार किलोमीटर लांब आणि सर्वांत उंच जागी सुमारे अठ्ठावन्न फूट, असा हा मातीचा बांध. माती म्हणजे पाटीपाटीने वाहिलेली माती. आखणी साहेबाची, यात शंका नाही. ती उत्तम होती, नाहीतर बांध इतकी वर्षे उभा राहता ना. पण “साहेबानं तलाव दिला” हे वाक्य आम्ही इतक्या सहजपणे बोलतो! मीही शाळेच्या निबंधात तेच लिहून दहापैकी आठ गुण मिळवले होते.

त्या दुष्काळानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, मग दुष्काळाचे नियम झाले. १९७२ च्या दुष्काळात मी स्वतः खडी फोडणाऱ्यांच्या रांगा आणि सुकडीची पातेली पाहिली आहेत. त्या वेळीही काही घरची माणसे तोंडावर पदर ओढून कामावर जात, ओळखीचे कोणी दिसले तर पाठ फिरवीत. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. मागितल्यावर काम मिळणे हा हक्क ठरला. त्याचे मूळ इंग्रजांच्या नियमांत शोधणारे शोधोत. कुदळ टाकून घरी गेलेल्यांनाही त्यात थोडा वाटा द्यावा, असे मला वाटते.

बांधावर आम्ही बराच वेळ चाललो. पाणी शांत होते. तिथेच मी नातीला मुकादमाची गोष्ट सांगितली आणि मग खरी गोष्ट सांगितली. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “पणजीचं, म्हणजे तुमच्या पणजीचं, नाव काय होतं?”

मला सांगता येईना. घरी आल्यावर थोरल्या चुलत बहिणीला फोन केला. ऐंशी उलटली तरी तिला सगळे आठवते. ती म्हणाली, “नाव नाही बाई ठाऊक. सगळे तिला थोरली म्हणायचे. डोक्याच्या मधोमध केस नव्हते तिला. पाटीनं गेले, असं आजी सांगायची.”

नातीने ते वहीत लिहून घेतले.