एकाच बँडची दोन पुनर्मीलने

२० ऑक्टोबर २०२३ रोजी ब्लिंक-१८२ या अमेरिकन पॉप-पंक बँडचा ‘वन मोअर टाइम...’ हा अल्बम प्रसिद्ध झाला आणि बिलबोर्ड २०० यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. मार्क हॉपस, टॉम डिलाँग आणि ट्रॅव्हिस बार्कर या तिघांचा हा १२ वर्षांनंतरचा पहिला पूर्ण अल्बम. तिघेही तेव्हा पन्नाशीच्या आसपास पोहोचले होते.

त्यांच्या पुनरागमनाची कथा बहुतेकदा अशी सांगितली जाते: मित्र भांडले, एकाला मृत्यूने गाठता गाठता सोडले, रुसवे विरघळले, बँड पुन्हा जुळला. कथा खोटी नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ती पुरू नये, कारण नेमके हेच एकदा आधीही घडले होते आणि तेव्हा ते टिकले नव्हते. म्हणून जरा मागे जाऊ.

पंकचा वेग आणि लोकप्रिय गाण्याची गोड चाल यांचा संगम १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रामोन्सने आणि मँचेस्टरच्या बझकॉक्सने घडवला. १९९४ मध्ये ग्रीन डेच्या ‘डूकी’ने तो घरोघरी नेला. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या पोवे या उपनगरात १९९२ साली हॉपस, डिलाँग आणि ड्रमवादक स्कॉट रेनर यांनी ‘ब्लिंक’ स्थापन केला. त्याच नावाचा एक आयरिश बँड आधीच अस्तित्वात असल्याने पुढे १८२ हा आकडा जोडावा लागला. हा आकडा कुठून आला, याची उत्तरे बँडने वेळोवेळी वेगवेगळी आणि बहुधा थट्टेनेच दिली आहेत. बखरींतल्या व्युत्पत्त्या वाचणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

१९९८ मध्ये रेनरच्या जागी बार्कर आला. १९९९ च्या ‘एनिमा ऑफ द स्टेट’ने, निर्माता जेरी फिनच्या हाताखाली, या तिघांना जगभर पोहोचवले. २००१ चा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. मग दौऱ्यांचा ताण वाढला, डिलाँगला कुटुंबासाठी वेळ हवा होता, अविश्वास साचत गेला आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ‘अनिश्चित काळाची विश्रांती’ जाहीर झाली. डिलाँगने एंजल्स अँड एअरवेव्ह्ज काढला, उरलेल्या दोघांनी +४४. एकमेकांशी बोलणेही जवळजवळ थांबले.

ऑगस्ट २००८ मध्ये जेरी फिनचे निधन झाले. १९ सप्टेंबरला दक्षिण कॅरोलिनातील कोलंबिया येथे बार्करचे छोटे जेट विमान उड्डाणाच्या वेळी धावपट्टीपलीकडे जाऊन पेटले. दोन्ही वैमानिक आणि दोन प्रवासी दगावले. बार्कर गंभीररीत्या भाजला, पण वाचला. त्यानंतर पुढची जवळपास १३ वर्षे तो विमानात बसला नाही. युरोपच्या दौऱ्यासाठीही त्याने जहाजाने अटलांटिक ओलांडला.

या आघाताने तिघांना पुन्हा बोलते केले. फेब्रुवारी २००९ मध्ये ग्रॅमी सोहळ्यात त्यांनी पुनर्मीलन जाहीर केले. २०११ मध्ये ‘नेबरहूड्स’ आला. नावाचा अर्थ ‘शेजार’, आणि इथे नियतीने थट्टाच केली: डिलाँग सॅन दिएगोत, उरलेले दोघे लॉस एंजेलिसमध्ये, आणि गाण्यांचे तुकडे ई-मेलवरून इकडून तिकडे. फिनच्या जागी मध्यस्थी करणारा बाहेरचा निर्माता नव्हता. अपघाताने मैत्रीची आठवण करून दिली, पण एकत्र काम करण्याची रीत मात्र त्यांनी पुन्हा उभारलीच नाही. २०१५ मध्ये डिलाँग बाहेर पडला. (पुढे त्याच्या संस्थेने अमेरिकन नौदलाच्या वैमानिकांनी टिपलेल्या अज्ञात उडत्या वस्तूंच्या चित्रफिती लोकांसमोर आणल्या. त्या खऱ्या असल्याचे पेंटागॉनने नंतर मान्य केले. वस्तू कोणत्या, हे मात्र सांगितले नाही.)

२०२१ मध्ये हॉपसला चौथ्या टप्प्यातला लिम्फोमा असल्याचे उघड झाले. उपचारांच्या काळात तिघे पुन्हा जवळ आले. सप्टेंबरमध्ये तो कर्करोगमुक्त झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये डिलाँगच्या परतीची घोषणा झाली. या वेळी निर्मितीची सूत्रे बार्करने घेतली, आणि माझ्या मते खरा फरक तिथे आहे. निर्णय घेणारा माणूस आता बँडच्या आतलाच होता. हॉपस आणि डिलाँग एकाच गाण्यात आळीपाळीने ओळी गातात, ही १९९९ ची जुनी लकबही परतली. शीर्षकगीतात विमान आणि आजारपण या दोन्हींचा थेट उल्लेख येतो. जवळ येण्यासाठी आपल्याला दरवेळी संकटच का लागावे, असा त्याचा सूर आहे.

आणखी एक कारण विसरू नये: बाजार. २००० च्या आसपास किशोरवयीन असलेली पिढी आता कमावती झाली होती. अल्बमच्या दुसऱ्याच दिवशी लास व्हेगासमध्ये ‘व्हेन वी वेअर यंग’ महोत्सव सुरू झाला, आणि त्यात ग्रीन डेसोबत ब्लिंक-१८२ हेच मुख्य आकर्षण होते. सतरा गाण्यांपैकी काही स्वतःचीच नक्कल वाटतात, ती बहुधा या श्रोत्यासाठी. शीर्षकगीताला मात्र तो आरोप लागू होत नाही.

मधली सात वर्षे डिलाँगची जागा मॅट स्किबाने सांभाळली होती. त्याच काळात ‘कॅलिफोर्निया’ने २०१६ मध्ये पहिला क्रमांकही मिळवला. परतताना डिलाँगने स्किबाला जाहीर पत्र लिहून, बँड जिवंत ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानले. स्किबा आपल्या जुन्या अल्कलाइन ट्रिओकडे परतला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचाही नवा अल्बम आला.