सुप्याचा उठाव आणि निसटलेला हातचा

१/७ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते; आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भागही त्याच भीमथडीत मोडत असे. शिरूर तालुक्यातील करडे गावात तर १८७४ च्या अखेरीसच सावकारावर सामाजिक बहिष्कार पडला होता.

२/७ कापसाचे उतरलेले भाव आणि वाढीव शेतसारा ही कारणे होतीच. पण जमावाला हवे होते कागद: कर्जखते आणि हुकूमनामे. ते हाती आले की त्यांची होळी होई. कागद मुकाट्याने मिळाले तेथे सहसा मारहाण झाली नाही. निरक्षर कुणब्याला त्या कागदावरचा आकडा पडताळता येत नव्हता. त्याच्याजवळ होता तो केवळ तोंडी हिशेब.

३/७ समजा, कर्ज २५ रुपये, व्याज दरमहा शेकडा २ रुपये, मुदत ७ महिने. व्याज झाले साडेतीन रुपये. शांतपणे केल्यास हे गणित अवघड नाही. पण ते चालू असतानाच मागील खताची बाकी, मुद्रांकाचा खर्च आणि ज्वारीचा भाव कानी पडू लागला तर?

४/७ याचे उत्तर शंभर वर्षांनी मिळाले. १९७४ मध्ये ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी ‘कार्यकारी स्मृती’ची कल्पना मांडली. मनात धरलेले आकडे आपण आतल्या आत उच्चारून टिकवतो. ही जागा फार लहान असते.

५/७ पुढे प्रयोगांतून दिसले की डोळ्यांनी वाचलेले आकडे क्रमाने आठवतानाही, कानावर पडणाऱ्या असंबद्ध बोलण्याने चुका वाढतात. ‘लक्ष देऊ नका’ असे बजावूनही शब्द आत शिरतातच. बेरजेतला हातचा निसटतो, तो असा.

६/७ म्हणजे प्रत्येक सावकार लबाड असण्याची गरजच नव्हती. जुन्या खताचे व्याज नव्या खताच्या मुद्दलात मिसळले, की कित्येक वर्षांची देवघेव एकाच आकड्यात लपे. ती तोंडी सोडवणे पंतोजींकडे पावकी-निमकी घोकलेल्यालाही जड गेले असते.

७/७ १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने नेमकी हीच गुंतागुंत सोडवू पाहिली. न्यायालयाने व्यवहार मुळापासून तपासावा, मुद्दल व व्याज वेगवेगळे मांडावे, ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळावा, अशी तरतूद झाली. कर्जे त्याने संपली नाहीत. मात्र हिशेब कुणब्याच्या डोक्यातून कागदावर आला, आणि तो दुसऱ्या कुणाकडून तपासून घेण्याची वाट मोकळी झाली.